पालथा पेला

आमच्या आळीत मला अजूनही मागून 'शिंदीवाला तांबट' म्हणतात. समोर म्हणायची कोणाची छाती होत नाही, कारण या कसब्यात माझ्याइतका घाटदार हंडा दुसऱ्या कोणाच्या हातून उतरत नाही, आणि घरात लग्नकार्य निघालं की नाक मुरडणाऱ्यांनाही माझ्याच ओट्यावर यावं लागतं. मला त्या नावाचा राग येत नाही. येत होता तेव्हा वय लहान होतं आणि डोकं गरम होतं. आता सत्तरी जवळ आली, राज्य बदललं, टोपीकर आले, आणि ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे त्यांतलं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तेव्हा एकदा स्वच्छ सांगून टाकतो. मी जो काही माणूस झालो तो नागझरीपलीकडच्या शिंदीच्या गुत्त्यावर झालो. ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल.

श्रीमंत पेशव्यांच्या राज्यात शहरात दारू गाळायला आणि विकायला बंदी होती. पण नागझरी ओढा ओलांडला की शिंदीची पंचवीस-तीस झाडं उभी होती, आणि झाडांना बंदीची गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती. ती पहाटे मडकी भरून देत. कोतवालीच्या लोकांना हे ठाऊक होतं. मारामारी नाही, आरडाओरड नाही, तोवर ते ओढ्याच्या अलीकडूनच मान फिरवून जात. त्यांच्यातले काही ओढा ओलांडूनही येत, पण तेव्हा डोक्याला पागोटं नसे आणि आम्हीही त्यांना ओळखत नसू.

गुत्ता चालवायची एक विधवा. तिला सगळे अक्का म्हणत. नवरा झाडावरून पडून गेला, त्यानंतर झाडावर चढायला एक गडी ठेवून तिने सगळं एकटीने सांभाळलं होतं. दिवस उजाडायच्या आत मडकी खाली येत. सूर्य कासराभर वर येईपर्यंत रस गोड असे. तो प्यायला आजारी, म्हातारे आणि पथ्यपाणी करणारे येत. ऊन चढेल तसा तो आंबत जाई, आणि दुपारी घामाघूम होऊन येणाऱ्यांना तो तसाच हवा असे.

अक्काच्या गुत्त्यावर एक रीत होती, आणि पुढचं सगळं त्या रीतीवरच उभं आहे. तिथे नाना जातींची माणसं बसायची. तेव्हा ज्याने त्याने आपलं भांडं आणायचं, अक्का भोपळ्याच्या तुंब्याने वरून ओतणार, भांड्याला तुंबा लागणार नाही. रोज येणाऱ्यांची भांडी छपराखाली एका लांब फळीवर ओळीने मांडलेली असत. दुसऱ्याच्या भांड्याला कोणी बोट लावायचं नाही. सोवळ्यातल्या घरातही इतका कडकपणा मी पाहिला नाही. आणि कोणी कोणाला शिवी दिली, हात उगारला, लबाडी केली, तर अक्का काठीच्या टोकाने त्याचा पेला फळीवर पालथा करी. पालथा पेला म्हणजे त्या माणसाने कुंपणाबाहेर राहायचं. तो पुन्हा सरळ व्हायचा एकच मार्ग होता. ज्याच्याशी आगळीक झाली त्याने स्वतः येऊन अक्काला सांगायचं, 'सरळ कर.' अक्काच्या मनात असलं तरी तिला तो सरळ करता येत नसे.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं. थोरल्या भावाशी भांडून मी त्याच्या कामावरून निघालो होतो आणि कसब्यातच एक ओटा धरून एकटा ठोकत बसलो होतो. भांडणात चूक माझी होती हे आता सांगायला हरकत नाही. आळीतले सगळे भावाच्या बाजूचे. दिवसभर माझा हातोडा बोलायचा, मी गप्प. असे कितीतरी दिवस गेले की मी कोणाशी एक शब्द बोललो नाही आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. एका दुपारी काम टाकून उठलो आणि पाय नेतील तिकडे चालत राहिलो, तो ओढा ओलांडल्यावरच थांबलो.

"भांडं कुठं हाय?" अक्काने विचारलं.

माझ्याकडे भांडं नव्हतं. दिवसभर भांडी घडवणारा मी, रिकाम्या हाताने उभा.

"मग पान घे अन् द्रोण कर. हात हायेत न्हवं?"

मी पळसाची पानं घेऊन द्रोण लावायला बसलो. तो गळला. दुसरा लावला, तोही गळला. शेजारी एक दाढीवाले गृहस्थ बसले होते, बैलावर पखाल घालून पेठांतून पाणी पुरवणारे पखालजी. त्यांना सगळे चाचा म्हणत. ते माझ्याकडे बघत होते, मग माझ्या हातांवरचे घट्टे बघून म्हणाले, "तांबट दिसता. तांब्याचं भांडं गळत नाही आणि पानाचं थांबत नाही, असं कसं हो?" सगळे हसले. मीही हसलो. वर्षभरात मी पहिल्यांदा हसलो असेन. चाचांनी नवं पान घेऊन स्वतःसाठी एक द्रोण लावला, मला दिसेल असा हळूहळू, आणि मी त्यांचं बघून माझा लावला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः घडवलेला तांब्याचा पेला घेऊन ऐटीत गेलो. अक्काने तुंबा खाली ठेवला. "कल्हई न्हाई. आंबट हाय ही, तांब्यात कळकतीया. पोटात गेली तर आतडं बाहेर येईल." कल्हई करून आणल्यावरच तिने ओतलं. फळीवर माझ्या पेल्याला जागा मिळाली, आणि त्या दिवसापासून मी त्या माणसांचा झालो.

आमच्यात एक म्हातारा गोलंदाज होता. तोफेजवळ आयुष्य गेल्यामुळे त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजव्याने जेमतेम ऐकू यायचं, म्हणून तो जे बोलायचा ते सगळ्या ओढ्याला ऐकू जायचं. एकटा होता. तोफखान्याच्या जुन्या पडवीत राहायचा. सर्वांत शेवटी यायचा आणि तळाची, सगळ्यांत आंबट शिंदी मागून घ्यायचा; बाकीची म्हणे त्याला पाण्यासारखी लागे. आणि एक होते नारायण पेठेतले कारकून. ते पहाटे चांदीची लोटी घेऊन यायचे, वैद्यांनी गोड रस सांगितला होता म्हणून. कुंपणाच्या आत ते कधी पाऊल टाकत नसत. बाहेर उभं राहून लोटी पुढे करत. पुढे पुढे ते दुपारीही येऊ लागले. त्यांचं औषध दिवसेंदिवस आंबट होत गेलं, पण त्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही.

विचारायचं नाही, हीसुद्धा तिथली रीतच होती. कोणी आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं. मी तीन महिने बायकोचं नाव काढलं नाही आणि तीन महिने कोणी काढायला लावलं नाही. मग एका दुपारी मीच बोलायला लागलो तो थांबेचना. चाचांचा बैल उन्हात ताटकळला, कारकुनांची कचेरीची वेळ टळली, पण कोणी उठलं नाही. माझं संपल्यावर गोलंदाज मोठ्याने म्हणाला, "मला काय ऐकू आलं न्हाई, पर तू बरं केलंस गड्या." मला त्या वाक्याने जितकं बरं वाटलं तितकं नातेवाइकांच्या सांत्वनाने वाटलं नव्हतं.

पावसाळ्यात मला हिवताप आला तेव्हा चाचा आठ दिवस माझ्या ओट्याशी थांबून माझी घागर भरून जात. अक्का गड्याच्या हाती पेज पाठवी. मोडी अक्षरं मला कारकुनांनी शिकवली, कुंपणाच्या बाहेरून, काठीने धुळीत काढून. मी आतून गिरवायचो. "अहो तांबट," ते म्हणायचे, "आपला 'क' बघून मला कोणीतरी पडल्याचा भास होतो. उचला त्याला." आज हे मी ज्या अक्षरांत लिहितो आहे ती तिथली आहेत.

तर अशा माणसांचे उपकार फेडावेत असं माझ्या मनात आलं. आणि उपकार फेडायला निघालेला माणूस स्वतःवर खूश असतो, तसा मी होतो. अक्काची मातीची मडकी वरचेवर फुटायची. मी ठरवलं, हिला तांब्याचा असा हंडा करून द्यायचा की पेठेत कोणाच्या घरी नसेल. ती नको म्हणाली. "माती बरी. माती फुटते पर फसवत न्हाई." मी ऐकलं नाही. महिनाभर खपलो. पोटावर असे सारखे ठोके उठवले की ऊन पडलं की हंडा डोळ्यांत मावत नव्हता.

आता चूक सांगतो. कल्हई करणं हे तांबटाचं काम नव्हे. ते कल्हईवाल्याचं. पण मला वाटलं, माझ्या हंड्याला दुसऱ्याचा हात कशाला? भट्टी पेटवली, हंडा तापवला, नवसागर टाकला, कथील फिरवलं, चिमट्यात कापड धरून आतून पुसत नेलं. हंड्याचं तोंड अरुंद. गळ्याच्या आतल्या बाजूला, खांद्याखाली, कापड नीट पोचलं नाही. आणि मग मी तेच केलं जे माझ्या बापाने, आजाने आणि आळीतल्या प्रत्येक तांबटाने आयुष्यभर केलं आहे. हंडा उचलला आणि बोटाच्या पेराने वाजवला. तांबट भांडं कानाने पारखतो. चीर असली तर आवाज बसका येतो, जोड कच्चा असला तर कापरा येतो. माझा हंडा देवळातल्या घंटेसारखा वाजला. मी समाधानाने खाली ठेवला. कल्हई राहिली तर त्याचा आवाज येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मी आत बघितलं नाही.

थंडी सरता सरता एका सकाळी मी तो वाजतगाजत गुत्त्यावर नेला. कारकून कुंपणाबाहेरून म्हणाले, "वा. आता शिंदी प्यावी की हंड्याला नमस्कार करावा?" अक्काने पदराने हंडा पुसला तेव्हा तिचे डोळे भरले होते. पहाटेची सगळी मडकी त्यात रिकामी केली. दुपारपर्यंत शिंदी त्यात आंबत राहिली. सगळे प्याले. मी जेमतेम दोन घोट घेतले, कारण माझं पोट कौतुकानेच भरलं होतं. गोलंदाज शेवटी आला आणि नेहमीप्रमाणे तळाची मागून तीन पेले प्याला.

ऊन कलायच्या आत माणसं ओकायला लागली. चाचा बैलाच्या मानेला धरून वाकले. दोघे जण शहरात परतताना बुधवार पेठेतल्या भर बाजारात रस्त्यावर बसले. गोलंदाज तर तिथेच आडवा झाला. ओठ काळेनिळे, अंग थंड. आम्ही त्याला छपराखाली ओढलं. अक्काने हंडा उचलला, उन्हाकडे तिरका केला आणि मला बोटाने खुणावलं. मी वाकून आत बघितलं. खांद्याखाली चार बोटं रुंद हिरवा पट्टा होता.

तेवढ्यात कोतवालीचा प्यादा आला. या वेळी पागोटं घालून, बाजारात पडलेल्यांचा माग काढत. "काय घातलंस यात? धोतरा?" त्याने अक्काला दरडावलं. तोवर तिने हंड्यावर गवताचा भारा टाकला होता. ती म्हणाली, "मडकं नीट धुतलं न्हाई. मडकं माझं, चूक माझी." प्याद्याने तिला दुसऱ्या दिवशी चावडीवर हजर व्हायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू कोण?"

"गिऱ्हाईक," मी म्हणालो.

आयुष्यात मी एवढा लहान कधी झालो नाही. मी भ्यालो होतो. विष घालणाऱ्या भांड्यांचा तांबट म्हणून नाव झालं असतं तर ओटा गेला असता, जातीच्या बैठकीत उभं करून हातोडा काढून घेतला असता. पण तिच्या वाट्याला काय येणार होतं हेही मला स्पष्ट दिसत होतं. गुत्ता मोडला असता, तिला पेठेच्या हद्दीबाहेर काढलं असतं, आणि गोलंदाज दगावला असता तर त्याहून वाईट. तिने माझं नाव घेतलं नाही. घरी जाऊन मी भिंतीकडे बघत बसलो.

उजाडताच मी गुत्त्यावर गेलो. गवताखालचा हंडा काढला, खांद्यावर घेतला आणि भर पेठेतून चावडीवर गेलो. आळीतल्या प्रत्येकाने बघावं म्हणून मुद्दाम आळीतूनच गेलो. एकदा ठरलं की मी अर्धं काही करत नाही, चूकही नाही.

चावडीवर अक्का हात बांधून उभी होती. मी हंडा अंमलदारापुढे ठेवला आणि म्हणालो, "मडकं नव्हतं, हा हंडा होता. मी केलेला. आत कल्हई राहिली. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं." अंमलदाराने वाकून आत बघितलं आणि विचारलं, "हे खरं कशावरून? तू तिला वाचवायला बोलत असशील."

मागून चाचा पुढे झाले. पांढरेफटक पडले होते, बैलाला दाराशी बांधून आत आले होते. "मी प्यालो त्यातलंच. हंडा याचाच." आणि त्यांच्यामागून, सगळ्यांना दिसेल असे, कारकून आले. पेशव्यांच्या दफ्तरी, फडावर नोकरी करणारा ब्राह्मण भर चावडीत शिंदीच्या गुत्त्याची साक्ष द्यायला उभा राहिला. त्यांचं काय पणाला लागलं होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"आपलं तिथे काय काम?" अंमलदाराने विचारलं.

"वैद्यांनी सांगितलंय."

"कोणत्या वैद्यांनी?"

"ते तिथेच भेटतात, पण कालपासून तेही पडून आहेत," कारकून शांतपणे म्हणाले. अंमलदाराच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग त्याने निकाल सांगितला. हंडा माझ्याच हातोड्याने तिथेच चेपायचा. गुत्ता बंद. गोलंदाज वाचला तर गुत्ता पुन्हा उघडायची परवानगी आणि मला ताकीद. तो गेला तर बाईला हद्दपारी आणि मला बेडी.

मी हंडा चेपला. महिनाभराचं काम, पण त्याचं मला काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष त्या तोफखान्याच्या पडवीकडे लागलं होतं.

मग वीस दिवस आम्ही त्या पडवीत होतो. चाचा पाणी आणायचे. अक्का ताक आणि पेज करायची. कारकून वैद्यांना हाताला धरून घेऊन आले. वैद्य आधी स्वतः बरे झाले आणि मग त्यांनी औषध दिलं. मी दिवसभर म्हाताऱ्याचे पाय चोळायचो, अंथरूण बदलायचो. पहिले चार दिवस तो जातो की राहतो कळत नव्हतं. पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडले, मला बघितलं, आणि कुशीवर वळून आपला चांगला कान उशीत घातला. बाकी कोणी आलं की तो उताणा व्हायचा. मी आलो की उजवा कान उशीत. तो बहिरा कान वर करून पडलेला माणूस मला अजून दिसतो. मी त्या कानाशी रोज माफी मागितली. त्याला ऐकू जात नाही हे ठाऊक असून मागितली.

त्या वीस दिवसांत कोणी थेंबही प्यालं नाही, आणि आम्ही रोज भेटत होतो. तेव्हा मला कळलं की मी शिंदीसाठी ओढा ओलांडत नव्हतो. माझ्या आळीने मला माझ्या बापाच्या नावाने ओळखलं. या लोकांनी मला माझ्या चुकीसकट ओळखलं आणि तरी कोणी माझ्या हातून पाण्याचं भांडं काढून घेतलं नाही. मी त्यांचा ऋणी आहे. हे मी त्यांच्यापैकी कोणालाच तोंडावर सांगितलं नाही, कारण तिथे असं बोललं की चेष्टा व्हायची. म्हणून इथे लिहितो.

गोलंदाज उठून बसला, चालू लागला. चावडीने परवानगी दिली आणि एका दुपारी गुत्ता पुन्हा उघडला. मी गेलो, पण कुंपणाच्या आत गेलो नाही. फळीवर माझा पेला पालथा होता. अक्काने चावडीवरून परतल्या दिवशीच तो केला होता, आणि ते बरोबरच होतं. चाचा म्हणाले, "माझ्याकडून माफ आहे." कारकून म्हणाले, "माझ्याकडूनही. शिवाय माझं पोट त्या दिवसापासून साफ आहे." अक्काने मान हलवली. "तुमचं झालं. पर ज्याचा जीव गेला असता त्यानं बोलाया पायजे."

सगळे गोलंदाजाकडे बघायला लागले. तो खुंटाला टेकून बसला होता, अंगावर घोंगडी. त्याला ऐकू गेलं की नाही कळेना. अक्का त्याच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडली, "बोल की! सरळ करू का ह्याचा?"

तो काठी टेकत उठला. फळीपाशी गेला आणि त्याने हाताने माझा पेला उचलला. स्वतःच्या हाताने. इतक्या वर्षांत त्या फळीवर कोणी दुसऱ्याच्या भांड्याला बोट लावलं नव्हतं. अक्काच्या हातात काठी तशीच राहिली. कारकुनांनी लोटी छातीशी धरली. म्हातारा पेला घेऊन छपराबाहेर उन्हात आला, तो तिरका धरला, आणि डोळा बारीक करून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. कडा बघितली, तळ बघितला, बोट घालून काठाखाली फिरवलं. मी कुंपणाला धरून उभा होतो.

"कल्हई बरी हाय," तो ओरडला, सगळ्या ओढ्याला ऐकू जाईल असा. मग पेला माझ्या हातात दिला. "वाढ ह्याला."

अक्काने तुंबा उंच धरला आणि ओतायला लागली. माझा हात इतका हलत होता की निम्मी शिंदी पायावर सांडली.

"तेव्हा द्रोण गळका," चाचा म्हणाले, "आता तांबटच गळका."

सगळे हसले. गोलंदाजाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने मला विचारलं, "काय म्हणाला?" मी त्याच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं, पण मला रडू फुटलं होतं आणि सांगता येईना. तो कान तसाच पुढे करून थांबून राहिला.